नाली खोदण्याआधी पाइपाच्या खोलीवरची माती तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर खारपाणपट्ट्यातल्या गावांची पाइपलाइन फुटल्याच्या बातम्या यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा आल्या. प्रत्येक बातमीत पाइपाचा दर्जा आहे, कंत्राटदार आहे, टँकर आहे. माती कुठेच नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मृदा प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पाणीपुरवठ्याच्या कामांचे मातीचे नमुने माझ्या हातांनी चाळले, ओव्हनमध्ये ठेवले, नळकांड्यांत भिजवले. त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. पत्र लांबलं तरी शक्य तेवढं छापावं, ही विनंती.

नमुने कसे येत ते आधी सांगते. पातळ पिशवीत किलोभर माती, तिच्यात पऱ्हाटीची मुळं, कधी शेणखताचे तुकडे. म्हणजे वखराची पास जिथवर जाते तेवढ्यातलीच ती माती. पिशव्यांवर नमुना 1, नमुना 2 असे आकडे, पण रंग, वास, ओलावा सगळ्यांचा एकच. वेगवेगळ्या ठिकाणची माती इतकी सारखी असत नाही. चेनेज, म्हणजे वाहिनीच्या सुरुवातीपासूनचं अंतर, लिहिलेला नाही, खोली नाही, तारीख नाही. ‘ही किती खोलीवरची?’ असं विचारलं की उत्तर यायचं, ‘मॅडम, त्या शेतातली आहे.’ प्रयोगशाळा आलेल्या मातीचाच अहवाल देणार. तो अंदाजपत्रकाला टाचला गेला की मातीचा विषय संपला. एकदा विद्यार्थ्यांबरोबर मी स्वतः नमुने घ्यायला गेले असताना धुऱ्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘वरची माती कायले नेता बाई, पाइप त खालत जाते.’ माझी मागणी नेमकी तीच आहे. ज्या खोलीवर पाइप बसणार, त्या खोलीवरची माती तपासा, आणि पाइपलाइनच्या सगळ्या लांबीवर तपासा.

आमच्या भागात ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा जास्त महत्त्वाची का, तेही सांगायला हवं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला हा खारपाणपट्टा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं, म्हणून गोडं पाणी लांबून आणायचं. वान, शहानूर ही धरणं सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. तिथून निघालेली वाहिनी सुरुवातीला गोटे आणि रेताड गाळातून जाते, मग उतरत उतरत पूर्णेच्या खोल काळ्या गाळाच्या मातीत शिरते. मधे नाले, डांबरी रस्ते, संत्र्याच्या बागा, आणि शेवटी गावाची पांढरी, जिच्यात शेकडो वर्षांची राख, विटांचे तुकडे आणि शेणामातीचा थर आहे. एकाच पाइपाच्या वाटेवर इतक्या प्रकारची जमीन, आणि नमुना मात्र एका बांधावरचा. ज्या क्षारांमुळे इथलं पाणी पिता येत नाही, तेच क्षार आपण आणलेल्या गोड्या पाण्याच्या पाइपाला बाहेरून भिडलेले असतात. एवढं ध्यानात घेतलं तरी या तपासणीची निकड पटावी.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीचा बारकाईने अभ्यास केलेला आहे. इथल्या मातीत चुनखडीचे कण तयार होत राहतात, त्यात कॅल्शियम अडकतो आणि खालच्या थरांत मातीच्या कणांवर सोडियमचं वर्चस्व वाढत जातं. म्हणजे वरची वीतभर माती बरी दिसली तरी कमरेइतक्या खोलीवर ती चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, निघू शकते. आमच्या तालुक्यातल्या एका सरपंचताईंनी मला विचारलं होतं, ‘शेतकऱ्यांच्या मृदा आरोग्य पत्रिका आहेत ना, त्यात सामू आणि क्षार दिलेले असतात, त्या चालणार नाहीत का?’ प्रश्न रास्त होता. 2015 पासून या पत्रिका मिळतात आणि पिकासाठी त्या उपयोगाच्या आहेतच. पण तो नमुना 15 ते 20 सेंटिमीटरचा, आणि पाइपाच्या डोक्यावरच साधारण मीटरभर माती असते. संत्र्याची बाग लावताना आपले शेतकरी फूट-फूट थराची माती वेगळी काढून तपासायला नेतात. संत्र्याच्या मुळांसाठी जी काळजी आपण घेतो, ती गावाच्या पाण्यासाठी घेऊ नये?

माती ओळखायला आधी हात लागतात, यंत्रं नंतर. खड्ड्याच्या तळातला ओला गोळा तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने थापट्या माराव्यात. पृष्ठभागावर पाणी चमकून आलं आणि बोट दाबताच नाहीसं झालं तर ती गाळवट, बारीक रेतीसारखी माती. काहीच झालं नाही तर चिकण. तीच माती हातावर वळून तीन मिलिमीटर जाडीची वात होते का पाहावं. वाळलेलं ढेकूळ चिमटीत फुटतं की बोटं दुखेपर्यंत दाबूनही फुटत नाही, तेही पाहावं. अशी न फुटणारी माती फुगणारी असण्याची शक्यता दाट. आणि एक खूण मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवत असे. दोन-तीन फुटांखालचं ढेकूळ मोडलं तर आत तिरपे, गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग दिसतात. माती फुगून एकमेकांवर घासली गेल्याने ते तयार होतात. असे पृष्ठभाग दिसले की पाइपासाठी आणि नालीत उतरणाऱ्या माणसासाठी, दोघांसाठी सावध व्हायचं. नुसत्या रंगावर विसंबू नये. काळी दिसणारी प्रत्येक माती सारखी फुगत नाही, आणि तपकिरी दिसली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

किती फुगते, हे मोजण्याची भारतीय मानकातली पद्धत इतकी सोपी आहे की शाळेच्या प्रयोगशाळेतही जमेल. ओव्हनमध्ये वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजनळकांड्यांत घ्यायची. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलात चिकणमाती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीची पातळी वाचायची. रॉकेलात 10 मिलिलिटर आणि पाण्यात 21 मिलिलिटर भरली तर फुगवटा 110 टक्के. 50 च्या आत असेल तर कमी, 100 पर्यंत मध्यम, 100 च्या वर जास्त, 200 च्या वर अतिशय जास्त, असं मानकात वर्गीकरण आहे. नुसत्या ‘काळी माती’ या शेऱ्यापेक्षा हा एक आकडा अभियंत्याला कितीतरी जास्त सांगतो.

हा फुगवटा पाइपाला कसा तोडतो? उन्हाळ्यात माती आकसते, भेगा खोलवर जातात, पाइपाचा खालचा आधार सुटतो. पावसाळ्यात तीच माती पाइपाला वर उचलते. सगळीकडे सारखी उचलली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण डांबरी रस्त्याखाली ओल टिकून राहते, लिंबाच्या झाडाजवळ ती लवकर ओढली जाते, कॉकच्या खड्ड्याभोवती गळतीमुळे माती बारमाही ओली असते. पाइपाचा एक तुकडा वर आणि शेजारचा खाली, अशी ओढाताण सांध्यावर येते. रबरी रिंगचा सांधा थोडा कोन सहन करतो. सॉल्व्हंटने चिकटवलेला पीव्हीसीचा ताठ सांधा मात्र तडकतो. म्हणून अशा जमिनीत नाली थोडी जास्त खोल काढून पाइपाखाली, बाजूंनी आणि वरही रेतीचं किंवा बारीक मुरमाचं वेष्टन द्यायचं असतं. अंदाजपत्रकात ते कधी कधी असतंही. पण कुठल्या चेनेजपासून कुठल्या चेनेजपर्यंत ते लागणार, हे माती तपासल्याशिवाय ठरणार कसं? मग ते सरसकट लिहिलं जातं आणि प्रत्यक्षात सरसकट वगळलं जातं.

गंज हा याहून कपटी शत्रू, कारण तो वरून दिसत नाही. एका गावातला काढून टाकलेला लोखंडी पाइपाचा तुकडा मी पाहिला आहे. वरची बाजू जवळजवळ नवी आणि तळाला चाळणी झालेली. गावकऱ्यांची समजूत अशी की पाइपच खराब आला. पण तळाची बाजू घट्ट, हवा न लागणाऱ्या चिकणमातीवर टेकलेली असते आणि वरची बाजू सैल भरावात, जिथे हवा पोचते. हवेच्या या फरकानेच पाइपाच्या दोन बाजूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि हवा न मिळणारी बाजू झिजत जाते. वाहिनी मुरमातून काळ्या मातीत शिरते त्या जागीही हेच घडतं. मातीत क्षार असतील तर प्रवाहाला वाट आणखी सोपी. पाणथळ जागी, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या काळ्या चिखलात, सल्फेटचं सल्फाइड करणारे जिवाणू त्यात भर घालतात. फुटलेल्या जागी तसाच नवा पाइप, तशाच मातीत बसवला तर काही वर्षांनी तोच खड्डा पुन्हा खोदावा लागतो.

हे आधी कळू शकतं. जमिनीत सारख्या अंतरावर चार सळया ठोकून बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोनमधला विद्युतदाब मोजायचा. सळयांमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढ्या खोलीपर्यंतच्या जमिनीचा विद्युतरोध त्यातून कळतो. वेनर यांची ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अर्थिंगचं काम करणाऱ्या वीज कंत्राटदारांकडेही हे उपकरण असतं. डक्टाइल लोखंडी पाइपासाठी अमेरिकेत वापरली जाणारी एक गुणपद्धती आहे. तिच्यात 15 ओहम-मीटरपेक्षा कमी रोधाला एकदम 10 गुण, 8.5 पेक्षा जास्त सामूला 3, सतत ओल्या जमिनीला 2, आणि एकूण 10 झाले की माती पाइपाला घातक धरून त्यावर पॉलिथिनचं वेष्टन चढवतात. म्हणजे रोध पुरेसा कमी निघाला तर बाकी काही न पाहताच निर्णय होतो.

इथे एक धोका आहे आणि तो आमच्याच हवामानातला आहे. सर्वेक्षणाची घाई नेमकी एप्रिल-मेमध्ये असते. तेव्हा वरची माती कोरडी ठणठणीत, भेगा पडलेली. कोरड्या मातीतून वीज वाहत नाही, रोध भरपूर दिसतो आणि अहवालात ‘माती सौम्य’ असं लिहिलं जातं. ऑगस्टमध्ये त्याच जागेचा आकडा वेगळाच येईल. म्हणून उन्हाळ्यातलं मोजमाप एकटं धरू नये. पाइपाच्या खोलीवरची माती प्रयोगशाळेत आणून, डिस्टिल्ड पाण्याने पूर्ण भिजवून, छोट्या पेटीत तिचा रोध मोजावा. पाइप जमिनीत वर्षाचे बाराही महिने राहणार आहे. त्याला सर्वांत वाईट महिना कोणता, ते आपल्याला हवं.

प्लास्टिकचा एचडीपीई पाइप घातला की हा प्रश्नच मिटतो, असं अनेकांना वाटतं. पाइप गंजत नाही हे खरं. पण घरोघरच्या जोडणीचे लोखंडी क्लॅम्प, नट-बोल्ट, व्हॉल्व्ह त्याच मातीत असतात. शिवाय प्लास्टिकच्या पाइपाला आकार टिकवायला बाजूच्या मातीचा आधार लागतो, आणि ढेकळं लोटून बुजवलेल्या नालीत तो मिळत नाही.

चोपण मातीचा आणखी एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो कुठल्याच तपासणीच्या यादीत मी पाहिलेला नाही. सोडियम जास्त असलेल्या मातीचा खडा स्वच्छ, डिस्टिल्ड पाण्याच्या ग्लासात हलकेच सोडा. दहा-पंधरा मिनिटांत त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरायला लागला तर ती माती पाण्यात आपोआप विरघळल्यासारखी सुटते. अशा जमिनीत सांधा थोडा झिरपला तरी पाणी पाइपाच्या कडेकडेने वाट काढतं, माती वाहून नेतं आणि आत पोकळी तयार होते. वर काही दिसत नाही. मग एक दिवस त्यावरून ट्रॅक्टरची ट्रॉली जाते आणि रस्ता खचतो. ही तपासणी एका ग्लासात होते, तिला खर्च नाही, आणि आपल्या पट्ट्यात ती सक्तीची हवी.

आता नालीत उतरणाऱ्या माणसांबद्दल. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची नाली भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि त्या सरळपणावर सगळे विश्वास ठेवतात. पण त्या भिंतीत भेगा आहेत, मघाशी सांगितलेले चकचकीत तिरपे पृष्ठभाग आहेत. अवकाळीची एक सर भेगांत गेली की अख्खी कड त्या पृष्ठभागावरून सटकते. घनमीटरभर माती दीड टनाहून जड असते. छातीवर ती आली तर माणसाला ओरडायलाही श्वास राहत नाही, आणि बाहेर काढायला जेसीबी लावणं आणखी धोक्याचं. दीड मीटरपेक्षा खोल नालीला बाजूंनी फळ्यांचा आधार द्यावा, असं भारतीय मानक सांगतं. खोदलेली माती काठावरच रचू नये, मागे टाकावी. पाऊस पडून गेल्यावर कुणी उतरण्याआधी जाणत्या माणसाने काठ पाहावा, समांतर भेग दिसली तर काम थांबवावं. मजूर बाहेरगावचे असतात, त्यांना इथली माती ठाऊक नसते. ‘दोन मिनिटांचं काम आहे, उतर पटकन’ असं म्हणणाऱ्याला ती ठाऊक असायला हवी. मातीचा अहवाल खरा असेल तर कुठल्या लांबीत नाली तिरपी कापायची आणि कुठे फळ्या लावायच्या, हे आधीच लिहिता येतं आणि त्याचे पैसेही अंदाजपत्रकात धरता येतात. पैसे धरलेले नसतील तर फळ्या येतच नाहीत.

नाली बुजवण्याविषयी थोडक्यात. थर पंधरा सेंटिमीटरचा, पाणी मोजून, कुटून. कोर कटरने, म्हणजे मातीत ठोकायच्या पोलादी नळकांड्याने, जागेवरची घनता काढून प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर चाचणीशी ताडायची; ती माती कुटून जास्तीत जास्त किती घट्ट होते, ते या चाचणीत कळतं. रस्त्याखालच्या भागात तरी हे झालंच पाहिजे.

जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 रोजी झाली, माणशी रोज 55 लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठरलं, आणि आता 2028 पर्यंत मुदतवाढ जाहीर झालेली आहे. म्हणजे अजून नाल्या खोदल्या जाणार आहेत, जुन्या वाहिन्या बदलल्या जाणार आहेत. हाती वेळ आहे. माझं म्हणणं असं की खारपाणपट्ट्यात कोणत्याही पाणीयोजनेचं अंदाजपत्रक करण्याआधी वाहिनीच्या मार्गावर किमान दर पाचशे मीटरला, आणि शिवाय जमीन बदलते तिथे, नाल्यावर, रस्त्याखाली, पांढरीत, पाइपाच्या तळाहून थोडा खोल खड्डा घ्यावा. अंतराचा हा आकडा माझ्या अनुभवातला आहे, तज्ज्ञांनी तो कमी केला तर आनंदच आहे. नमुना दुहेरी पिशवीत हवाबंद असावा, त्यावर चेनेज, खोली, तारीख आणि घेणाऱ्याची सही असावी. खड्ड्यात टेप धरलेला फोटो जोडावा. अहवालात फुगवटा, सामू, क्लोराइड, सल्फेट, भिजवलेल्या मातीचा रोध आणि ग्लासातल्या खड्याची तपासणी असावी. आणि तो अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. ग्राम कृती आराखडा ग्रामसभेत वाचतात, तेव्हाच मातीचा तक्ताही वाचावा. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत महिला असतात. फुटलेल्या पाइपामागे हंडा घेऊन त्याच चालतात, त्यामुळे हा तक्ता त्या लक्ष देऊन ऐकतील याची मला खात्री आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि तंत्रनिकेतनांनी यात हात द्यावा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवे असतात. आपापल्या तालुक्यातली एकेक वाहिनी त्यांनी घेतली आणि खड्डेनिहाय नकाशा केला, तर पुढच्या प्रत्येक कामाला तो उपयोगी पडेल. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या मातीचा अभ्यास पिकांसाठी करत आलं आहे. ती माहिती आणि पाणीपुरवठ्याची माहिती एकत्र ठेवायला काय हरकत असावी?

दर्यापूर परिसरातल्या कोणत्याही गावच्या समितीला हातांनी माती ओळखायची पद्धत, रॉकेलची चाचणी आणि ग्लासातली चाचणी शिकवायला मी तयार आहे, त्यासाठी मानधन नको. दोन मोजनळकांडी, चाळणी, डिस्टिल्ड पाणी, थोडं रॉकेल आणि नालीच्या खोलीवरची ताजी माती, एवढंच आणावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, विचारणाऱ्यांना तो कृपया द्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
दर्यापूर, जि. अमरावती